दसऱ्याचा पोशाख

५ ऑगस्ट, सोमवार. देवास

माझा रूममेट अमन हाटपिपल्याचा. फॅक्टरीत शिफ्ट करतो आणि कुणाचंही काहीही उचलून वाचतो. म्हणून ही डायरी मराठीत. माझी शाळा हिंदीत झाली, त्यामुळे मराठी घरापुरतंच, ऱ्हस्व-दीर्घ देवाला माहीत. पण अमनने पहिलं पान उघडून पाहिलं आणि विचारलं, "भिया, ये 'कंटाळा' कौन है? लड़की है क्या?" म्हणजे भाषा बरोबर निवडली.

आजही दिवसभर एबी रोडवरची नर्सिंग होम पालथी घातली. फिजिशियन असिस्टंटची एक जागा आणि बाहेर बाकावर फायली घेऊन ही एवढी पोरं. इंदूरच्या आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये सर सांगायचे, असिस्टंट म्हणजे डॉक्टरचा उजवा हात, हातांना मरण नाही. बाहेर येऊन बघतो तर हातच हात. माझ्या शेजारी एक होमिओपॅथीचा डॉक्टर बसला होता. खराखुरा, डिग्रीवाला. तोही असिस्टंटच्या जागेसाठी. तो डॉक्टर आहे कळल्यावर मी सवयीने उठून उभा राहिलो. तो म्हणाला, "बैठो यार, दोनों एक ही लाइन में हैं।"

दोघांनाही घेतलं नाही.

९ ऑगस्ट

ट्रायलवर घेतलं. खरंच. स्टेशन रोडच्या बाजूचं नर्सिंग होम, वर पंचवीस-तीस खाटा, खाली ओपीडी. मॅनेजर मनन सर म्हणून आहेत. त्यांनी फाईल उघडली.

"नाम?"

"खंडोजी."

"पूरा?"

"खंडोजी रत्नाकरराव जगदाळे, धार."

"अरे राजा साहब, तलवार कहाँ छोड़ आए?"

काउंटरवरचे सगळे हसले. मीपण हसलो. माणूस मोकळा वाटला, मान ठेवून बोलणारा. मोठे डॉक्टर पियुष सर, ते फिजिशियन. त्यांनी मान वर न करता माझ्या डिप्लोमाचा कागद बघितला, उलटा करून मागची बाजूपण बघितली. म्हणाले, "कल से आ जाओ, देखते हैं।" देखते हैं म्हणजे झालंच.

माईला फोन केला. तिने पहिलं हेच विचारलं, "काय देणार, कधी देणार, असलं काही बोलला नाहीस ना?"

"नाही."

"बरं केलंस. आपल्यात मागत नाहीत."

हे आमच्या घरचं आहे. पणजोबा धारच्या दरबारात जामदारखान्यात होते, म्हणजे महाराजांचे कपडे आणि दागिने सांभाळायचे. त्यांना दसऱ्याला दरबारातून पोशाख यायचा, न मागता. पोशाख आला की माणूस पक्का, असं घरात सांगतात. आता दरबार नाही, बाबा नाहीत, आम्ही धारला घोडा चौपाटीच्या मागे भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. माई मुलींच्या हॉस्टेलात स्वयंपाक करते. बाहेर कुणी विचारलं तर "देखरेख करते" असं सांगायचं. पण मागायचं नाही, हे एवढं राहिलंय.

२२ ऑगस्ट

पाय दुखतात. सकाळी आठला जातो, निघायचं काही ठरलेलं नाही. नंबर पुकारायचा, वजन घ्यायचं, बीपी घ्यायचं, काय होतंय ते परचीवर थोडक्यात लिहायचं, मग आत पाठवायचं. खेड्यातनं आलेल्या बाया माळवीत बोलतात, ते सरांना हिंदीत सांगायचं. ईसीजीची तार लावायला शिकलो. दोनदा उलटी लावली. दुसऱ्यांदा सरांनी नुसतं बघितलं.

रविवारी अमनबरोबर त्याच्या ठेकेदाराकडे पेट्या उचलायला जातो. त्यावर खोलीचं भागतं. अमन म्हणाला, "भिया, छह दिन फोकट में, एक दिन के पैसे. तेरा हिसाब उल्टा हे." मी सांगितलं, ट्रायल चालू आहे. तो म्हणाला, "किसका? तेरा कि उनका?" त्याला या लाइनमधलं काही कळत नाही.

माझ्याबरोबर अवंती म्हणून एक मुलगी ट्रायलवर आहे. तिचं शिक्षण खरं. चार वर्षांची डिग्री, माझ्याच कोर्सच्या नावाची. माझा वर्षाचा डिप्लोमा चपलांच्या दुकानावरच्या माडीतला. हे तिला सांगितलं तर बिचारी हसली नाही. तिचे वडील साताऱ्याहून इथे कंपनीत आले, युनियनमध्ये होते. तिचं मराठी माझ्यापेक्षा कच्चं, पण बोलते बिनधास्त. आज डबा खाताना म्हणाली, "मी मनन सरांना विचारून आली."

"काय?"

"हेच, ट्रायल कधी संपणार आणि नंतर काय."

"असं तोंडावर?"

"मग काय पाठीवर विचारू?"

मला तिच्यासाठीच शरमल्यासारखं झालं. चांगल्या घरची आहे, पण कंपनीची माणसं. त्यांच्यात असं चालतं.

६ सप्टेंबर

अवंती पक्की झाली. पेढे वाटले. डिग्री आहे तिची, होणारच. मी तिच्या आधी येतो आणि तिच्यानंतर जातो, पण डिग्री ती डिग्री. माझं बघणं, सरांचं ते 'देखते हैं', चालू आहे. आज पियुष सरांनी मला नावाने हाक मारली. "खंडोजी, अगला." पहिल्यांदाच. आधी "ए भाई" म्हणायचे.

मधे एकदा वाटलं, सोडून द्यावं. पिथमपूरचा कारखाना सोडला, सरदारपूरचं मेडिकल सोडलं, इंदूरचं मोबाईलचं दुकान सोडलं. बसलो की पायाला मुंग्या येतात माझ्या. माई म्हणते, भिंगरी आहे. या वेळी ठरवलंय की आपण होऊन जायचं नाही. त्यांनी काढलं तर काढू दे.

२४ सप्टेंबर

डेंगीची साथ. खाटा संपल्या, जिन्यात गाद्या टाकल्या. सलाईनच्या बाटल्या लटकवायला खिळे कमी पडले, खिडकीच्या गजाला बांधल्या. मनन सर येऊन म्हणाले, "राजा साहब, आप नहीं होते तो क्या होता।" मग मला वरच्या मजल्यावर पाठवलं. तिथला वॉर्डबॉय सोडून गेला होता. गाद्या बदलल्या, फरशी पुसली. हे असिस्टंटचं काम नाही. पण साथ आहे, अशा वेळी कुणी हे तुझं ते माझं करत नाही.

२७ सप्टेंबर

काही नाही. ताप, ताप, ताप. डबा न खाताच परत आणला. आंबला होता.

१२ ऑक्टोबर, दसरा

आज खूप लिहायचंय आणि डोळे मिटताहेत.

सुट्टी नव्हती. टेकडीवरच्या देवीला नवरात्रभर गर्दी, त्यात चेंगरून आलेले, उपासाने चक्कर आलेले, वर डेंगी आहेच. सकाळी चौकातनं आपट्याची पानं घेतली. पियुष सरांना सोनं दिलं आणि पाया पडलो. ते मुंबईत शिकलेत, त्यांना माहीत होतं. पान खिशात ठेवलं, "अरे वा" म्हणाले. मनन सरांना दिलं तर त्यांनी विचारलं, "ये पत्ता कौन सी बीमारी का है?" समजावून सांगितलं. सोनं आहे, मोठ्यांना देतात.

दुपारी मनन सरांनी मला बोलावलं. टेबलावर एक गठ्ठा होता. त्यातनं एक पांढरा कोट काढला, डॉक्टर घालतात तसा, नवा, पिशवीतला, आणि माझ्या हातात दिला. "लो राजा साहब, दशहरे का।" खिशावर कुठल्या तरी रक्तवाढीच्या गोळीचं नाव छापलंय, पण ते पेनाने झाकलं जातं.

मी मागितला नव्हता. कुणाला सांगितलंही नव्हतं, घरातली पोशाखाची गोष्ट इथे कुणालाच माहीत नाही. आणि दसऱ्यालाच दिला.

बाथरूममध्ये जाऊन घातला. खांद्यात जरा मोठा आहे.

माईला लगेच फोन लावला. "माई, पोशाख मिळाला." ती म्हणाली, "दरबारातून मिळाल्यासारखा?" मी म्हटलं, "तसाच." तिने फोन खाली ठेवला, देवापुढे घंटा वाजवल्याचं ऐकू आलं, मग परत उचलून म्हणाली, "खंडोजीराव, तुमच्या पणजोबांचं नाव ठेवलं ते वाया गेलं नाही." माई मला अहो-जाहो दोनदाच बोलली आहे. पहिल्यांदा मुंजीच्या वयात, पाहुण्यांसमोर.

१५ ऑक्टोबर

माईने हॉस्टेल सोडलं. विचारलंही नाही मला. वॉर्डनबाईंना सांगितलं, मुलगा डॉक्टरांकडे पक्का झाला, आता शोभत नाही. गुडघे फारच दुखायचे तिचे, तासन्‌तास उभं राहून पोळ्या. बरंच झालं. महिन्याअखेरीला मनन सर बोलतीलच. पोशाख दिलाय म्हणजे बाकीचं मागनं येतं.

१९ ऑक्टोबर

कँटीनवाला तोच कोट घालून समोसे तळत होता. पार्किंगच्या म्हाताऱ्यालापण मिळालाय. मनन सरांचं मन मोठं आहे, सणाला कुणालाच सोडलं नाही. माझा मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने दिला, आत बोलावून. कँटीनवाल्याला विचारलं नाही त्याला कसा दिला ते.

३ नोव्हेंबर, भाऊबीज. रात्री, धारहून परत

दोन दिवस घरी होतो. बसमध्ये उभं राहून गेलो, इंदूरला बदलायला लागतं, तिथे सगळी दुनिया. घरी सगुणाआत्या आली होती. माईने माझा कोट खुंटीवर असा लावला होता की दारातनं आत येणाऱ्याला पहिला तोच दिसावा. आत्याने विचारलं, "डॉक्टरकी शिकलास का रे?" माई म्हणाली, "डॉक्टरांचा उजवा हात आहे तो." आत्या म्हणाली, "मग माझा डावा खांदा बघ, वर जात नाही." बघितला. मला काय कळणार त्यातलं. म्हटलं, एक्स-रे काढा. ती खूश झाली, म्हणाली, मोठे डॉक्टरपण असंच सांगतात.

मी रिकाम्या हाताने गेलो होतो. माईने एकदाही विचारलं नाही काय आणलंस. रात्री जेवताना माझ्या ताटाकडे बघत राहिली. "हाडं निघालीत," एवढंच म्हणाली. निघताना पिशवीत चिवडा भरला आणि चिवड्याच्या डब्यात वर एक नोट दुमडून ठेवली होती. बसमध्ये सापडली. जुनी सवय तिची, शाळेत असताना सहलीला ठेवायची तशी.

१८ नोव्हेंबर

साथ उतरली. जिना मोकळा झाला.

आज दोन नवीन पोरं ट्रायलवर आली. एकाचं नाव शौर्य, गंधवानीकडचा, पोरगा हुशार, हात स्थिर. मनन सर म्हणाले, "राजा साहब, इनको सब सिखा दो।" दिवसभर शिकवलं. बीपी कसं घ्यायचं, सरांना परची कशी लागते, ईसीजीची कुठली तार कुठे. बरं वाटलं, सीनियर झाल्यासारखं.

डब्याच्या वेळेस अवंती येऊन समोर बसली. तिचा चेहरा नेहमीसारखा नव्हता.

"तू त्यांना शिकवतोयस?"

"मनन सरांनी सांगितलं."

"खंडोजी, तुला पगार मिळतो का?"

मी म्हटलं, माझं बघणं चालू आहे.

"कधीपासून?"

मी पोळीचा तुकडा मोडला.

"तू एकदा तरी विचारलंस का त्यांना?"

तिला सांगितलं मग. जामदारखाना, दसरा, पोशाख, सगळं. वाटलं होतं हिला पटेल, मराठी आहे. ती आधी हसायला लागली. मग माझ्याकडे बघून थांबली, आणि ते थांबणं हसण्यापेक्षा वाईट होतं.

"अरे, तो गठ्ठा औषधकंपनीचा माणूस टाकून गेला होता. जागा अडत होती म्हणून वाटला. मी दोन आणले. मम्मी एक घालून पापड लाटते."

मी डबा बंद केला. म्हटलं, तुमच्यात सगळं मागून मिळतं, म्हणून तुला असं वाटतं. ती चिडली. "आमच्यात मागून मिळतं? माझ्या पप्पांना मागून लाठ्या मिळाल्या गेटवर. तरी विचारलं त्यांनी. कमीत कमी माहीत तर पडलं कुठे उभे आहोत." आणि उठून गेली.

१९ नोव्हेंबर

विचारायचं ठरवून गेलो. मनन सरांच्या केबिनबाहेर तीनदा उभा राहिलो. एकदा फोनवर होते. एकदा जेवत होते. एकदा मोकळे होते. "क्या हुआ?" मी म्हटलं, "कुछ नहीं सर, वो फाइल." कुठली फाईल, त्यांनीपण विचारलं नाही.

सरदारपूरला मालकाशी भांडून निघालो होतो, तेव्हा तोंड कसं चाललं होतं. भांडता येतं. निघून जाता येतं. विचारता येत नाही.

२१ नोव्हेंबर

विचारलं.

आत गेलो आणि बसायला सांगायच्या आधीच बोललो, कारण बसलो असतो तर परत राहिलं असतं. हिंदीत विचारलं. मराठीत जमलंच नसतं. "सर, मैं पक्का हूँ या नहीं?"

मनन सरांनी चष्मा काढला. त्यांना खरंच कळलं नव्हतं. "पक्का मतलब?"

"नौकरी में."

"तुम तो इंटर्न हो न? इंस्टिट्यूट से आए हो।"

"नहीं सर. नौकरी के लिए आया था."

"तो बोलना चाहिए था न भाई. तीन महीने में एक बार नहीं बोले. जो माँगता नहीं, वो इंटर्न होता है।" मग जरा नरमले. म्हणाले, आता सीझन गेला, आता जागा नाही. इंटर्नशिपचं सर्टिफिकेट छान करून देतो, लेटरहेडवर. शौर्य बाहेरनं परच्या घेऊन आला, त्यांनी त्याच्यासमोरच हे सगळं बोलणं पूर्ण केलं.

खाली पियुष सरांना भेटलो, पाया पडायला. त्यांना वाटलं मी सुट्टीवर चाललोय. मी सांगितलं. ते पेशंटचा रिपोर्ट बघत होते, तो खाली ठेवला. पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं असेल. "सितंबर में मैं मनन से रोज़ कह रहा था, एक आदमी और रखो. तुम वहीं बैठे थे।" मग म्हणाले, "पहले बोलते।" आणि रिपोर्ट परत उचलला.

मी तिथेच बसलो होतो. हो.

खोलीवर आलो तर अमनने चहा केला. मग म्हणाला, "भिया, ठेकेदार को बोल दूँ? रोज का?" मी म्हटलं, सध्या बोल.

२२ नोव्हेंबर

माईला सांगणं हे मनन सरांना विचारण्यापेक्षा अवघड. तिने माझ्या कोटावर हॉस्टेल सोडलंय. सकाळी ठेकेदाराकडे पेट्या उचलताना डोक्यात वाक्य जुळवत होतो. शेवटी सगळी वाक्यं सोडून दिली.

"माई, तो पोशाख नव्हता. औषधकंपनीचा कोट होता. मला त्यांनी कधी ठेवलंच नव्हतं."

मला वाटलं ती रडेल. पलीकडे भांड्यांचा आवाज होता. मोठ्या भांड्यांचा, घरातल्या नाही.

"माई, कुठे आहेस?"

"हॉस्टेलात."

"म्हणजे?"

"तू भाऊबीजेला आलास ना, तेव्हा तुझं मनगट बघितलं. पगार मिळणाऱ्याचं मनगट नव्हतं ते. तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी गेले वॉर्डनबाईंकडे. म्हटलं, परत घेता का मला."

"तू विचारलंस?"

"मग काय करणार? तू सांगत नव्हतास, मी तुला विचारत नव्हते. कुणीतरी कुणाला तरी विचारायला नको का?" भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "त्या आधी नाही म्हणाल्या. दुसरी बाई ठेवली होती. मी आणखी एकदा गेले. मग घेतलं, सकाळच्या वेळेला." आणि एकदम हळू आवाजात, शेजारी कुणी ऐकेल म्हणून, "खंडू, आतून हलले रे मी. दारातच पाय थांबले होते. पण काही होत नाही. विचारल्यावर माणूस मरत नाही."

मग तिला कुणीतरी हाक मारली, पोळ्यांसाठी. फोन चालूच राहिला, मी ऐकत बसलो.

२५ नोव्हेंबर, सोमवार

ठेकेदाराला दुपारनंतर येतो सांगितलं. सकाळी निघालो.

पहिलं मुलांच्या डॉक्टरांचं क्लिनिक. बाहेर पाटी, असिस्टंट पाहिजे. आत बाकावर तीच जत्रा, फायली मांडीवर. माझा नंबर आला. डॉक्टरांनी डिप्लोमा बघितला, उलटा केला. ते काही बोलायच्या आधीच मी बोललो. "सर, ये इंस्टिट्यूट छोटा है. बीपी, वजन, ईसीजी आता है, डेंगी के सीझन में वॉर्ड किया है. ट्रायल कितने दिन का, और उसके बाद क्या, ये आज ही बता दीजिए।"

त्यांनी डिप्लोमा परत सुलटा करून माझ्यापुढे सरकवला.

ते म्हणाले, "डिग्रीवाले आ रहे हैं इतने में. तुमको नहीं रख पाऊँगा।"

"ठीक है सर." फाईल घेतली.

'नाही' एवढं पटकन मिळतं हे मला माहीत नव्हतं. मी ते मिळू नये म्हणून पावसाळा आणि दिवाळी घालवली, आणि इथे अजून बाकावर माझी जागा गरम होती. वाईट वाटलंच. पण बाहेर रस्त्यावर आलो तेव्हा सकाळ अजून शिल्लक होती.

चार दुकानं सोडून हाडांच्या डॉक्टरांची पाटी होती. पाहिजे वगैरे काही लिहिलेलं नव्हतं. आत जाऊन काउंटरवरच्या बाईंना विचारलं.